आठवड्यातून एक उंदीर, पण तो आणायचा कुठून?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत फ्लॅटमध्ये पाळता येतील अशा वेगळ्या प्राण्यांवर लेख आला होता. त्यात माउंटन किंगस्नेक या अमेरिकेतल्या सापाची चौकट होती. रंग देखणा, विष नाही, आवाज नाही, वास नाही, फिरायला न्यावं लागत नाही आणि आठवड्यातून एकदाच खातो. चौकटीतलं एकही वाक्य खोटं नाही. पण ते शेवटचं वाक्य वाचून मी पेपर खाली ठेवला आणि बायकोला म्हटलं, आता पोरं साप घेणार आणि उंदीर शोधत फिरणार.

मी नागपुरातल्या एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाच्या प्राणिगृहात परिचर होतो. जवळजवळ तीस वर्षं पांढरे उंदीर वाढवले. पिंजरे धुणं, धानाचं तूस बदलणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, माद्यांच्या पाट्या लिहिणं, हेच काम. सापांचा मला काही अभ्यास नव्हता. पण सापाच्या जेवणातला उंदराचा जो भाग आहे तो मला पाठ आहे, आणि उरलेला भाग शेजारच्या वहिनींच्या धाकट्या मुलामुळे निवृत्तीनंतर शिकायला मिळाला.

हा मुलगा इंजिनीअरिंगला आहे. त्याने असाच एक साप ऑनलाइन ओळखीतून मागवला. प्लास्टिकच्या डब्यात, भोकं पाडलेल्या झाकणाखाली, पेन्सिलीएवढं पिल्लू. लाल, काळे, पांढरे पट्टे, आणि इतकं सुबक की बघत राहावं. त्यात खोटं काय बोलायचं! विकणाऱ्याने फोनवर सांगितलं होतं, "अ‍ॅरिझोनाचा साप आहे भाऊ, वाळवंटातला. नागपूरचं ऊन याला काहीच नाही." पोराने विश्वास ठेवला, आणि अभ्यासाच्या टेबलावरचा दिवा त्या डब्यावर सोडून दिला. पिल्लू कोपऱ्यात डोकं खुपसून पडून राहिलं. पिंकी समोर ठेवली तर तोंड फिरवायचं. (पिंकी म्हणजे उंदराचं नुकतं जन्मलेलं, केस न आलेलं गुलाबी पिल्लू. साप पाळणारे सगळे हाच शब्द वापरतात.) एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला. "काका, तुम्ही उंदीरवाले ना? हा खाऊनच नाही राहिला. दुकानवाला म्हणे, भूक लागली का खाईन."

या 'भूक लागली का खाईन'वरच माझा सगळा राग आहे.

अ‍ॅरिझोना म्हटलं की वाळवंट डोळ्यासमोर येतं हे खरं, पण हा साप त्या वाळवंटाच्या वर राहतो. अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको, युटा, नेवाडा आणि उत्तर मेक्सिकोत उंच डोंगर आहेत, त्यांवर पाइन आणि ओकची झाडी आहे, ओहोळांच्या कडेला खडकांच्या कपारी आहेत. तिथला हा रहिवासी. त्याचा भाऊबंद कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या उतारांवर असतो. नावातच माउंटन आहे, तरी विकणारा वाळवंट सांगतो आणि घेणारा ऐकून घेतो. पूर्ण वाढलेला साप दोन ते तीन फुटांचा, क्वचित थोडा जास्त. त्याच्या पेटीची एक बाजू २८-२९ अंशांवर आणि दुसरी २२-२४ अंशांवर हवी, म्हणजे हवं तिथे त्याला सरकता येतं. दिव्याखाली डबा ३५च्या पुढे गेला की अन्न पचवणं दूरच, जीव वाचवायची पाळी येते. असा साप खात नाही, आणि खाल्लं तर ओकतो.

आणि दुसरी गोष्ट, जी चौकटीत यायलाच हवी होती. या सापाची पिल्लं निसर्गात मुख्यतः छोटे सरडे खाऊन वाढतात. त्यांच्या लेखी अन्नाचा वास म्हणजे सरड्याचा वास. उंदराचं पिल्लू समोर ठेवलं तर अनेकांना ते अन्न आहे हेच कळत नाही. ही काही त्या एकट्या पिल्लाची खोड नव्हे, जातीचीच रीत आहे. म्हणून तिकडचे चांगले पैदासकार पिल्लू लगेच विकत नाहीत. सलग काही वेळा आपणहून पिंकी खाल्ली, ओकली नाही, वजन वाढलं, की मग विकतात, आणि कोणत्या तारखेला काय खाल्लं याचा कागद सोबत देतात. आपल्याकडे सोबत काय येतं? झाकणाला भोकं पाडलेला डबा.

आम्ही आधी दिवा काढला. डब्यात लपायला उलटी पणती ठेवली, पाण्याची वाटी ठेवली आणि पोराला सांगितलं की दर तासाला झाकण उघडून बघू नको. भ्यालेला प्राणी खात नाही, हे उंदरांनाही लागू आहे. मग त्याने इंटरनेटवरून एक युक्ती आणली. पिंकी साध्या पाण्याने धुवायची, तिचा वास घालवायचा आणि सरड्याच्या अंगावर घासून द्यायची. तिकडे ही युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. इथे सरडा नव्हता, त्याच्या ट्यूबलाइटखाली पाल होती. पालीची तुटलेली शेपटी त्याने कागदात जपून ठेवली होती, तीच वापरली. पिंकी रात्री डब्यात ठेवून दार ओढून घेतलं, सकाळी नव्हती. नंतर हळूहळू वास कमी कमी करत त्याला उंदरावर आणलं. हे सांगायला दोन ओळी लागल्या, प्रत्यक्षात त्या घराची पार झोप उडाली होती.

पण त्याच्या मित्रांनी काय केलं ते ऐका. एकाने विचार केला, पाल आवडते ना, मग पालीच देऊ. दुसरा सेमिनरी हिल्सवर आणि अंबाझरीच्या बाजूला सरडे पकडत फिरला. जंगलातला सरडा जंगलात राहू द्यावा हे तर आहेच. शिवाय पालीच्या, सरड्याच्या पोटात जंत असतात, ते सापाला जातात. आणि आपल्या घरातल्या पालीने काल कोणतं फवारलेलं झुरळ खाल्लं हे कोणाला माहीत?

तिसऱ्याची कथा इतवारीची. तिथल्या धान्याच्या गोदामांत उंदरांना तोटा नाही, हमालाला थोडे पैसे दिले की पिंजऱ्यातला उंदीर मिळतो. फुकटासारखाच. पण गोदामात पिंजऱ्याच्या शेजारीच उंदीर मारायची झिंक फॉस्फाइडची गोळी किंवा ब्रोमॅडिओलोनची वडी पडलेली असते. वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस चालता-फिरता असतो. तो उंदीर सापाने गिळला की वडीही गिळली. एवढं सांगितल्यावर त्या पोराने मला विचारलं, "मग चिकनचे तुकडे चालतीन का?" नाही चालत बाबा. सापाला उंदीर अख्खा लागतो तो हाडांतल्या कॅल्शियमसाठी, काळजातल्या जीवनसत्त्वांसाठी. बोनलेस चिकनवर वाढवलेल्या पिल्लाची हाडं कच्ची राहतात. वहिनींच्या सासूबाईंनी नागपंचमीला डब्याशेजारी दुधाची वाटी ठेवली होती. त्यांना मी काही बोललो नाही, वाटी फक्त बाहेरच राहील एवढं पाहिलं. दूध हे सापाचं अन्न नाही. तहानलेला साप नाइलाजाने ते पितो आणि ते त्याला बाधतं.

म्हणजे उरला उंदीर, आणि तोही स्वच्छ, पिंजऱ्यात वाढलेला. परदेशात गोठवलेले उंदीर मापाप्रमाणे पाकिटात मिळतात. पिंकी, मग अंगावर लव आलेली, मग उड्या मारणारी, मग पूर्ण वाढलेली. सापाच्या अंगाचा सर्वांत जाड भाग जेवढा, साधारण तेवढ्याच जाडीचा उंदीर द्यायचा. पिल्लाला पाच-सात दिवसांनी एक पिंकी, मोठ्याला आठवड्याने-दहा दिवसांनी एक मोठा उंदीर. आपल्या शहरात असं पाकीट भरवशाने बारा महिने मिळत नाही. म्हणून पाळणारा दुकानातून पांढऱ्या उंदरांची जोडी आणतो. इथून पुढे तो साप पाळत नसतो, उंदीर पाळत असतो. आणि पुरवणीतलं ते 'वास नाही' इथे संपतं.

उंदराची मादी तीन आठवड्यांत विते. एका वेळी सहा, आठ, कधी दहाच्या वर पिल्लं. व्यायल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं सव्वा-दीड ग्रॅमची असतात, आठवड्याभरात केस येतात, दोन आठवड्यांत डोळे उघडतात. पाच-सहा आठवड्यांत ती स्वतः वीण करायला तयार. आठवड्याला एक पिंकी खाणारा साप आणि महिन्याला आठ पिल्लं देणारी मादी, हिशेब तुम्हीच करा. उरलेल्यांचं काय? नर-माद्या वेळेत वेगळ्या केल्या नाहीत तर गॅलरीतला एक पिंजरा वर्षाअखेर खोलीभर होतो. नराच्या मुताचा वास तर असा की आमच्या प्राणिगृहातून घरी गेलो की बायको आधी आंघोळीला पाठवायची. तूस दर दोन-तीन दिवसांनी बदलावं लागतं. भिजवलेला हरभरा, गहू, गोळी-खाद्य, पाण्याची नळी तुंबली की नाही ते रोज बघणं. सुट्टी नाही. दिवाळीतही मी सकाळी कॉलेजला जात असे, कारण पिंजऱ्यांना दिवाळी कळत नाही.

त्यात आपला उन्हाळा. प्रयोगशाळेचा उंदीर २० ते २६ अंशांत सुखी असतो. ३५च्या वर माद्या पिल्लं टाकतात, खातातसुद्धा, नर नापीक होतात. आमच्याकडे प्राणिगृहाचा एसी बंद पडला की प्राचार्यांच्या आधी मला फोन यायचा. २०२४च्या मेअखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. पण ४५ दाखवायला इथे सेन्सर बिघडावा लागत नाही. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, गॅलरीतला पिंजरा म्हणजे भट्टी. कूलरसमोर ठेवला तर दमटपणा वाढून तुसाला बुरशी. म्हणजे सापाला एसी आणि सापाच्या जेवणालाही एसी.

आता ज्या गोष्टीवर सापवाली मंडळी बोलायचं टाळतात ती. उंदीर मारायचा कसा?

जिवंत उंदीर सापाच्या पेटीत सोडणं हा दोघांवरही अन्याय आहे. सापाला भूक नसेल तर रात्रभर डांबलेला उंदीर घाबरून आणि भुकेने सापालाच कुरतडतो. पाठीची कातडी खाऊन मणका उघडा पडलेल्या सापांचे फोटो त्या पोराने मला दाखवले आहेत. म्हणून जगभर जाणकार मेलेला उंदीरच द्यायला सांगतात, चिमट्याने, कोमट करून. मग तो मारणार कोण? पोरं करतात ते असं: पिंक्या पिशवीत बांधून जिवंतच फ्रीझरमध्ये टाकतात. "झोपेत जातात काका, त्यांना काही कळत नाही." हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. नुकतं जन्मलेलं उंदराचं पिल्लू थंडीला आणि प्राणवायूच्या कमतरतेला मोठ्या उंदरापेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकतं. निसर्गाने त्याला तसंच घडवलंय. ते झोपेत जात नाही, सावकाश मरतं. कार्बन डायऑक्साइडच्या पेटीतही मोठा उंदीर काही मिनिटांत जातो आणि पिंकीला फार वेळ लागतो, हे आमच्याकडे नव्या मुलांना आधी शिकवावं लागे. प्रयोगशाळेत या कामाला नियम आहेत, समिती आहे, पशुवैद्य आहे, नोंदवही आहे. प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०चा आहे आणि त्यात उंदीर हा प्राणी नाही असं कुठे लिहिलेलं नाही. घराच्या फ्रीझरला कोणती समिती?

मी शाकाहारी नाही. सावजीचा रस्सा मला आवडतो. साप उंदीर खातो यात मला काही वावगं वाटत नाही, ते त्याचं अन्नच आहे. पण आयुष्यभर ज्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या, त्या जिवाला मारायचंच असेल तर नीट, लवकर आणि शिकलेल्या हाताने मारावं, एवढी माझी अट आहे. ज्याला हे जमणार नाही, आणि विकत मिळणारही नाही, त्याने उंदीर खाणारा प्राणी घरात आणू नये. पुरवणीतल्या चौकटीत जागा कमी होती हे मान्य. पण एवढं एक वाक्य मावलं असतं.

आता फ्रीझरचं. वहिनींच्या फ्रीझरमध्ये एका कप्प्यात आंबरस, एका कप्प्यात मटार, आणि मागे वर्तमानपत्रात गुंडाळलेला डबा ज्याला घरात कोणी नाव घेऊन बोलत नाही. सापांच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेलाचे जंतू असतात, उंदरातही असू शकतात. म्हणून डबा वेगळा, चिमटा वेगळा, कोमट पाण्याचं भांडं वेगळं, स्वयंपाकघराचं सिंक बंद आणि हात साबणाने. मायक्रोवेव्ह तर मुळीच नाही. पोरगं नीट पाळतं हे सगळं, पण वादळाने दुपारभर वीज गेली की काय? वितळलेला उंदीर पुन्हा गोठवून द्यायचा नाही, फेकायचा. कुठे फेकायचा यावर त्या घरात झालेलं भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलंय. आणि मेमध्ये सापाची पेटी आईवडिलांच्या एसीच्या खोलीत जाते. वहिनी रोज ऐकवतात, "बिल काय तुझा साप भरते का?"

हिवाळ्यातही सोपं नाही. जातीच्या सवयीप्रमाणे हे साप थंडीत खाणं सोडतात. वीण करणारे लोक त्यांना दोन-तीन महिने १०-१३ अंशांवर ठेवतात, आणि त्याआधी दोन आठवडे उपाशी ठेवतात, कारण पोटात उंदीर असताना थंडी पडली तर तो पचायच्या आधी सडतो. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो आणि दुपारी पुन्हा २८ होतो. साप धड झोपत नाही, धड जागत नाही. अशा वेळी खात नाही म्हणून घाबरून तोंडात उंदीर कोंबणारेही आहेत. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ झाले की तेव्हाही खात नाही. खाल्ल्यावर दोन दिवस हातात घेतला तर ओकतो, आणि ओकल्यावर दहा-बारा दिवस पोटाला सुट्टी द्यावी लागते. 'आठवड्यातून एकदा' ही नऊ अक्षरं या सगळ्यावर उभी आहेत.

एकदा हा साप पेटीतून निसटला. किंगस्नेकला बोटभर फटही पुरते. तळमजल्यावरच्या काकूंनी पायरीवर पट्टे पाहिले आणि "मण्यार, मण्यार" म्हणून ओरडल्या. त्यांचंही बरोबरच. पट्टे दिसले की विदर्भातला माणूस आधी मण्यार समजतो, आणि समजावंच. आपला कवड्या बिचारा याच कारणाने काठी खातो. दिसतो मण्यारीसारखा, विष नाही, पोटापुरत्या पाली खातो. गंमत म्हणजे या अमेरिकी सापाचंही तेच आहे. तिकडे लाल-काळ्या-पिवळट पट्ट्यांचा विषारी पोवळा साप आहे, आणि त्याच्यासारखं दिसण्यातच याचा बचाव आहे असं शास्त्रज्ञ मानतात. तिकडच्या घारी-ससाण्यांना फसवायला बनवलेले रंग मानेवाड्याच्या जिन्यात उलटले. सर्पमित्र वेळेवर आला म्हणून निभावलं. तोही आधी चक्रावला, कारण त्याच्या यादीत असा साप नव्हता. "सोडू कुठे याला? गोरेवाड्याच्या जंगलात?" असं त्याने विचारलं. तेव्हा पोरगा धावत आला.

हा प्रश्न गंभीर आहे. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर याच कुळातला कॅलिफोर्निया किंगस्नेक पाळणाऱ्यांच्या हातून सुटला. बेटावर त्याला खाणारं फारसं कोणी नव्हतं. जिथे जिथे तो पसरला तिथे तिथे त्या बेटाचे स्वतःचे, जगात दुसरीकडे कुठेच नसलेले मोठे सरडे जवळजवळ नाहीसे झाले. माउंटन किंगस्नेक गोरेवाड्यात तसा माजेल असं मला वाटत नाही. तो मे महिना पाहणार नाही. पण त्याच्या अंगावरचे जंतू आणि परजीवी आपल्या सापांना लागणारच नाहीत याची हमी कोण देतं? म्हणून सोडणं हा पर्याय नाहीच, त्याच्या सुखासाठीही नाही आणि आपल्या जंगलासाठीही.

कायद्याचं थोडक्यात. नाग, धामण, अजगर, मांडूळ असे आपले साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, कितीही प्रेमाने ठेवला तरी. परदेशी प्राणी देशात आणायला परवाना लागतो. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या यादीतल्या जाती बाळगायच्या तर २०२२च्या दुरुस्तीनंतर नोंदणीही करावी लागते, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक सापडले होते. पाकिटात कोंबून आलेल्या सापाने प्रवासात काय खाल्लं असेल आणि नंतर काय खाईल? विकणाऱ्याकडे कागद मागा, तो कागदच दाखवत नसेल तर पुढचं बोलणंच नको.

मी पूर्ण बंदी मागत नाही. बंदी आली की धंदा पाकिटात जातो, हे आपण मांडुळाच्या बाबतीत बघतोच आहोत. शेजारचा पोरगा आज त्या सापाची वही ठेवतो: तारीख, उंदराचं वजन, खाल्ला की नाही, कात कधी. इंजिनीअरिंगच्या एकाही विषयाची वही त्याने अशी ठेवली नसेल. हा साप नीट ठेवला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. पण पोरगं पुढच्या वर्षी नोकरीला पुण्याला जाईल, तिथे पीजीत साप ठेवू देणार नाहीत, आणि वहिनी साफ सांगून मोकळ्या झाल्या आहेत. मग?

म्हणून माझ्या मागण्या छोट्या आणि खाण्यापुरत्या आहेत. जो विक्रेता असं पिल्लू विकेल त्याने ते पिल्लू उंदीर खातं हे गिऱ्हाइकाला समोर दाखवावं आणि आधीच्या खाण्याच्या तारखांचा कागद द्यावा. न खाणारं पिल्लू विकणं ही फसवणूक धरावी. आपल्या गावात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, माफसूचं, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय आहे. तिथल्या मंडळींनी महिन्यातून एक दिवस जरी अशा पाळीव सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी ठेवला, आणि उंदीर नीट कसा मारायचा हे दाखवलं, तरी पुष्कळ होईल. सेमिनरी हिल्सचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर जंगलातल्या जखमी प्राण्यांसाठी आहे, त्यांच्या अंगावर ही परदेशी ओझी टाकणं बरं नाही. पण ज्याला साप ठेवणं जमत नाही त्याने तो कोणाकडे द्यायचा, याचं उत्तर वनविभागाने आणि महापालिकेने मिळून एकदा जाहीर करावं. आज वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करणाऱ्या मुलाला भीती वाटते की सापाबरोबर आपल्यालाही नेतील. या भीतीपोटीच गोरेवाड्याचा विचार मनात येतो.

आणि आपल्या पुरवणीला विनंती की पुढच्या रविवारी त्याच जागी, त्याच आकाराची एक चौकट छापावी. तिच्यात रंगाचं वर्णन नसलं तरी चालेल. उंदीर कुठून आणाल, कुठे ठेवाल, कोण मारेल, मेमध्ये खोली किती थंड राहील आणि तुम्ही गाव सोडलं तर साप कोणाकडे जाईल, एवढं विचारलं तरी पुरे.

ताजा कलम: लेख आल्यापासून कोणीतरी माझा पत्ता देत सुटलं आहे आणि मुलं पिंक्या मागायला येत आहेत. माझ्याकडे उंदीर नाहीत. कॉलेजच्या प्राणिगृहातूनही मिळणार नाहीत. ते संशोधनासाठी नोंदवलेले प्राणी आहेत, तिथल्या परिचराला कृपया गळ घालू नये, त्याची नोकरी जाईल. साप घेण्याआधी उंदरांचा पिंजरा कसा धुतात हे कोणाला शिकायचं असेल तर मात्र जरूर यावं. दुपारी मी झोपतो, पाचनंतर यावं.

आपला,
एक निवृत्त प्राणिगृह परिचर,
मानेवाडा, नागपूर